विसरलेल्याचे

सरनोबत सरांची फाइल उघडायला वीस सेकंद लागतात.
तेवढ्यात खाली उद्यमनगरात
कुणाच्या तरी लेथवर एक चर पडून होतो.

फाइलचं नाव : कॉलम_नवीन_फायनल_२_हाच_वापरा.
पिवळ्या चौकटीत आपण लिहायचं,
पांढरीला हात लावायचा नाही.
खालच्या कोपऱ्यातली हिरवी झाली
की सर म्हणायचे, "जावा, सळी मागवा."

पुण्याचा निषाद बर्वे महिन्याचा डेमो देऊन गेला.
त्याच्या सॉफ्टवेअरात इमारत उभी राहते, गोल फिरते,
वारा लागला की शाळूच्या ताटासारखी डोलते.
एकशे बारा पानं छापते, नंबरासकट.
किंमत त्याने कागदावर लिहून दाखवली,
तोंडानं बोलला नाही.
"तीन मुऱ्हा येतील एवढ्यात, दुभत्या," मुल्लाणी म्हणाला.
मुल्लाणी आमचा ड्राफ्ट्समन. सगळं म्हशीत मोजतो.

मी म्हटलं, बघू तरी.
शिरोलीची मगदुमांची पाच मजली
सरांच्या फाइलीत पास झालेली,
ती याच्यातही घातली.
बी-सात कॉलम. दोघांच्या भारात
नऊ टक्क्यांची फट.

भिंतीतली फट दिसते तरी.
मंगळवारी बसले, बुधवारी बसले,
गुरुवारी लाइट गेल्यावर यूपीएस ओरडेपर्यंत.
आधी वाटलं, सॉफ्टवेअरचंच चुकलं :
त्याने पाया कातळावर धरलेला, न विचारता.
शिरोलीत कुठला कातळ? काळी माती,
मे महिन्यात पाय जाईल एवढी फाटते.
तेही दुरुस्त केलं. फट हलली नाही.

मग एकतिसावी ओळ.
सूत्र खाली ओढताना कधीतरी
डॉलरचं एक चिन्ह सुटलेलं,
आणि तिथून पुढं ते
रिकाम्या चौकटीतून वजन उचलत होतं.
तिसऱ्या मजल्यापासून वर
फरशीचं वजन शून्य.

अकरा वर्षं.
अकरा वर्षं या गावात माणसं
वजन नसलेल्या फरशीवर झोपतात,
ती पुसून घेतात,
तिच्यावर पोरं रांगायला सोडतात.
मी बोटं मोडत बसले : राजारामपुरी नववी गल्ली,
टाकाळ्याची चार मजली, बावड्यातल्या दोन.
"उभ्या हाईत की सगळ्या," मुल्लाणी.
उभ्या असणं हा काही पुरावा नव्हे, मी ओरडले.
त्याने चहा सांगितला.

शेवटी लपवलेला एक रकाना सापडला.
जी-सत्तेचाळीस. गुणिले एक पूर्णांक पंधरा.
कोडातला दीडपट वेगळा, तो कायद्याचा.
हा सरांचा, घरचा.
कोपऱ्यात तांबडा ठिपका, त्यावर माउस नेला
तर एकच शब्द, पूर्णविरामासकट :
विसरलेल्याचे.

सर जाऊन चार वर्षं झाली. विचारणार कुणाला?

निषादला फोन लावला.
असा रकाना तुमच्यात कुठं घालायचा?
"मॅडम, आमच्यात विसरायला होतच नाही."
आणि तो कातळ?
"तो डिफॉल्ट आहे."

डॉलर घातला. पंधरा टक्के काढले नाहीत.
आता फरशी दोनदा मोजली जात असेल, असू दे,
मगदूम सळीच्या बिलावरून बोलतील ते ऐकून घेईन.
ऑफर एकतीस मार्चपर्यंत आहे.
चेकबुक ड्रॉवरमध्ये, वरच आहे.
कुठल्याही छापावर शेवटी सही माझी,
एकशे बारा पानांवर काय नि दोनवर काय.

संध्याकाळी गाडी टाकाळ्याकडं वळवली.
वरच्या मजल्यावर कुणीतरी राहायला येत होतं.
चौघं जण जिन्यातून कपाट चढवत होते,
"सांभाळून, कोपरा, कोपरा!"
मी खाली उभी राहून मोजलं :
सागवानी, आरसा लावलेलं,
रिकामं असेल तर एकशे चाळीस किलो.